उत्पादन दुप्पट झालं की कार्बनही दुप्पट होतो का? कुपवाडच्या एका फौंड्रीच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: "वडिलांची कुपवाड एमआयडीसीत बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगची फौंड्री आहे. उत्पादन दुप्पट करायचं घरात चाललंय. कॉलेजात सर सांगतात की इंग्लंडने अर्थव्यवस्था वाढवत नेऊन उत्सर्जन निम्मं केलं. मग आर्थिक वाढ आणि कार्बन यांचं नातं नक्की काय आहे? आम्ही वाढायचं की थांबायचं?"

वाढा. मात्र नुसतं काटकसरीने वाढून कार्बन कमी होत नाही. वीज आणि उष्णता कशातून येते ते बदलावं लागतं, आणि ते बदलायची खरी संधी विस्ताराच्या वेळीच असते. मी एनर्जी ऑडिटर आहे, म्हणजे कारखान्यांचा ऊर्जेचा वापर तपासतो. सांगली, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यातले साखर कारखाने, फौंड्र्या, सूतगिरण्या, कोल्ड स्टोरेज हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तरही तिथलंच देतो, पण आधी थोडं देशाचं गणित.

जपानच्या योइची काया यांनी मांडलेलं एक साधं समीकरण आहे. एकूण उत्सर्जन म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार: लोकसंख्या, माणशी उत्पन्न, एक रुपया कमवायला लागणारी ऊर्जा, आणि त्या ऊर्जेच्या एककामागे सुटणारा कार्बन. पहिल्या दोन मिळून अर्थव्यवस्थेचा आकार होतो. उरलेल्या दोन यंत्रांच्या आणि इंधनाच्या हातात असतात. वाढ आणि कार्बन यांचं नातं या शेवटच्या दोन गोष्टींतून जातं, थेट नाही.

भारताचा हिशेब यात घालून बघा. २००५ ते २०२० या काळात आपल्या जीडीपीच्या एका रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटलं, असं भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवलं आहे. वर्षाला जवळपास ३ टक्के घट. ही कमाई खरी आहे, तिला कमी लेखू नका. पण अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असेल आणि रुपयामागचा कार्बन ३ टक्क्यांनी घटत असेल, तर एकूण कार्बन वर्षाला ३ टक्क्यांनी वाढतच राहतो, आणि या वेगाने साधारण २४ वर्षांत दुप्पट होतो. तो आहे तिथे थांबवायचा तर घटीचा वेगच दुप्पट हवा. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के घट, हे आपलं जाहीर उद्दिष्टसुद्धा रुपयामागचं आहे, एकूण उत्सर्जनाचं नाही. "उत्सर्जन घटलं" अशी बातमी वाचली की ते रुपयामागे घटलं, टनामागे घटलं की एकूण घटलं, हे आधी शोधायचं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता इंग्लंड. तुमचे सर सांगतात ते खरं आहे. १९९० ते २०२२ या काळात ब्रिटनचं उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. पण हे झालं कशाने? सगळ्यात मोठा वाटा वीजघरांतला कोळसा गेल्याचा. नव्वदच्या दशकात उत्तर समुद्रातला गॅस आला, २०१३ पासून विजेसाठी जाळलेल्या कोळशावर कार्बनची किमान किंमत बसली, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफचं शेवटचं कोळसा वीजघर बंद झालं. दिव्यांची, घरांची, मोटारींची काटकसर होतीच, पण तिचा वाटा त्याहून लहान. दुसरी गोष्ट, तिथले बरेच अवजड कारखाने बाहेर गेले. लोखंड, कपडे, यंत्रं आता आयात होतात आणि त्यांचा धूर दुसऱ्या देशाच्या खात्यावर पडतो. वापराच्या हिशेबाने, म्हणजे आयात मालाचा कार्बन धरून मोजलं तरी ब्रिटनची घट दिसते, पण कमी दिसते. म्हणजे इंग्लंडचा दाखला घ्यायचा तर विजेचा घ्या, कारखाने बाहेर पाठवण्याचा घेऊ नका. आपल्या कास्टिंगला बाहेर पाठवायला दुसरं गाव नाही. जगातले बाहेरचे कारखाने म्हणजे आपणच.

कॉलेजात आणखी एक वक्र शिकवला असेल: देश गरीब असताना प्रदूषण वाढतं, श्रीमंत झाला की आपोआप घटतं. धूर, धूळ, गंधक, सांडपाणी यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी घडतं, कारण ते डोळ्यांत आणि नाकात जातं. लोक तक्रार करतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते, मालकालाही नको असतं. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याचा त्रास शेजाऱ्याला होत नाही. त्यामुळे तो आपोआप घटत नाही.

याचं उदाहरण तुमच्याच धंद्यात आहे. कोकवर (भाजलेल्या कोळशावर) चालणारे कुपोले, म्हणजे जुन्या उभ्या भट्ट्या गेल्या आणि विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या तेव्हा आपल्या औद्योगिक वसाहतींची हवा खरोखर सुधारली. कामगारांची छाती वाचली, त्यासाठी तो बदल योग्यच होता. पण कार्बनचा हिशेब करा. बऱ्यापैकी चालणाऱ्या कुपोल्याला एक टन बीड वितळवायला साधारण १२० किलो कोक लागतो. किलोमागे ३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ३६० किलो. इंडक्शन भट्टीला तेवढ्याच धातूला साधारण ६०० युनिट लागतात. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण देशातली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. झाले ४२० किलो. म्हणजे कुपवाडचा धूर गेला, पण कार्बन चंद्रपूर-कोराडीच्या कोळसा वीजघरांकडे सरकला, आणि थोडा वाढलाच असेल. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की कुपोल्याचा कोक कधीच हिरवा होणार नाही. विजेची भट्टी मात्र उद्या चाळकेवाडीच्या वाऱ्यावर किंवा जतच्या उन्हावर चालू शकते. विजेवर जाणं हा अर्धा प्रवास आहे. उरलेला अर्धा वीज बदलण्याचा.

हे ६०० युनिट कुठे जातात ते भट्टीजवळ उभं राहिलं की कळतं. ऑडिटला गेलो की मी पहिला तास पॅनेलसमोर घालवतो. बऱ्याच फौंड्र्यांत दिसतं ते असं: धातू तयार आहे, तापमान १४५० अंशांच्या आसपास आलंय, पण साचे तयार नाहीत. कोअर (साच्यातले वाळूचे गाभे) ओले आहेत, किंवा क्रेन दुसरीकडे अडकली आहे. मग भट्टी "होल्ड"वर, धातू नुसता गरम ठेवत. वर झाकण नाही, लालबुंद तोंड उघडं, आणि मीटर फिरतोय तो फक्त छताला उष्णता द्यायला. तापमान उतरलं म्हणून पुन्हा पॉवर वाढवायची. कामगाराची चूक नसते. भट्टी आणि मोल्डिंग यांचं वेळापत्रक कुणी एकत्र बसवलेलंच नसतं. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या दोन भट्ट्या, एक टनाला ५६० युनिट घेते आणि दुसरी ७५०, यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

त्याहून मोठी गळती यील्डमध्ये, म्हणजे ओतलेल्या धातूतला किती विकला जातो त्यात असते. तुम्ही १०० किलो धातू ओतता, त्यातला रनर-रायझरचा (धातू साच्यात नेणाऱ्या आणि भर पुरवणाऱ्या वाटांचा) भाग कापून परत भट्टीत जातो, वर रिजेक्शन. विकायला ६० किलो गेला तर विकलेल्या टनामागे वितळवायलाच १००० युनिट पडले. हेच यील्ड ७० टक्क्यांवर नेलं, म्हणजे रायझरचं डिझाइन नीट केलं आणि वाळूची रोज चाचणी घेतली, की तो आकडा ८६० च्या आत येतो. विकलेल्या टनामागे १०० किलो कार्बन गेला, आणि त्यासाठी एकही नवं यंत्र घ्यावं लागलं नाही.

चार्जमध्ये काय घालता तेही बघा. पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) कोळशाच्या झोतभट्टीतून येतं आणि टनामागे सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड पाठीवर घेऊनच तुमच्या दारात उतरतं. स्टीलचं भंगार आणि कार्बुरायझर (धातूत कार्बन वाढवणारी पूड) वापरून पिग आयर्न कमी करता आलं तर ती बचत भट्टीच्या सगळ्या बचतीपेक्षा मोठी भरू शकते. अर्थात ग्राहकाचा ग्रेड सांभाळून.

आता तुमच्या विस्ताराचं गणित. उत्पादन दुप्पट. झाकण, वेळापत्रक, यील्ड हे सगळं करून टनामागची वीज पाव टक्क्याने नाही, चांगली पाव हिश्शाने घटवलीत असं धरू. तरी एकूण वीज आजच्या दीडपट होणार, आणि ग्रिड तेच राहिलं तर कार्बनही दीडपट. वर भारताचं सांगितलं तेच तुमच्या शेडमध्ये घडलं: टनामागे घट, एकूण वाढ. पण त्याच वेळी निम्मी वीज सौर किंवा पवन घेतलीत तर? दोन गुणिले ०.७५ गुणिले ०.५, उत्तर ०.७५. उत्पादन दुप्पट, आणि विजेचा कार्बन आजच्यापेक्षा पाव हिश्शाने कमी. वाढ आणि उत्सर्जन यांची फारकत हीच. पहिला ०.७५ तुमच्या सुपरवायझरच्या हातात आहे, दुसरा ०.५ तुमच्या वीज कराराच्या.

नुसत्या काटकसरीवर विसंबू नका असं मी म्हणतो त्याला जुना आधार आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी दाखवलं की वाफेची इंजिनं सुधारून कमी कोळशात चालू लागली, तेव्हा इंग्लंडचा कोळसा घटला नाही, वाढला. स्वस्त पडू लागल्यावर इंजिनं सगळीकडे गेली. खानापूर-आटपाडीत ठिबकचं तेच झालं. एकरी पाणी वाचलं, त्या पाण्यावर आणखी बाग उभी राहिली, आणि मोटार तेवढेच तास चालत राहिली. शेतकऱ्याचं यात काहीही चुकलेलं नाही. त्याचं उत्पन्न वाढलं, पोरं शिकली. पण वाचवलेल्या विजेने कोळसा वाचला असं मानून बसणं चूक.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर सांगतो, कारण वाढ आणि कार्बन यांचं नातं इतकं उघडं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. कोयनेचं पाणी पश्चिमेला पोफळीकडे सोडलं की ते साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, आणि एक टीएमसीमागे साधारण तीन कोटी युनिट वीज देतं, धुराशिवाय. १९६० मेगावॅटचा हा प्रकल्प राज्याचा मोठा आधार आहे, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेच पाणी उन्हाळ्यात पूर्वेला, कृष्णेतून सांगलीकडे सोडलं की वीज फार थोडी मिळते. आणि पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांत ते पुन्हा उचलावं लागतं. एक टीएमसी पाणी १०० मीटर वर चढवायला, पंपांची घट धरून, साधारण एक कोटी युनिट लागतात. ग्रिडच्या विजेवर ते ७००० टन कार्बन डायऑक्साइड होतात, आणि आटपाडी-जतला पाणी पोहोचवायला चढ १०० मीटरवर थांबत नाही.

म्हणून काय त्या माणसांना पाणी द्यायचं नाही? ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकर आणि चारा छावण्या पाहिल्या, ज्यांची तरणी पोरं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, तिथे पाणी आलं आणि डाळिंब-द्राक्षं उभी राहिली. ही वाढ मला हवी आहे, मनापासून हवी आहे. पण हे पंप दिवसा चालवता येतात, त्याच माळावर ऊन वर्षातले बहुतेक दिवस फुकट पडतं, आणि पाणी कालव्यात किंवा तलावात साठवता येतं. बॅटरी लागत नाही. उपशाच्या प्रत्येक योजनेला सौर वीज जोडणं हे माझ्या मते सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतलं सगळ्यात तातडीचं काम आहे.

साखर कारखान्यांबद्दल थोडक्यात. तिथे इंधन बगॅस, उसाचं चिपाड, म्हणजे ऊस वाढताना हवेतूनच घेतलेला कार्बन. एक टन उसामागे २८० किलोच्या आसपास बगॅस निघतं. जुने २१ किंवा ३२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचे बॉयलर ते जाळून फक्त कारखान्यापुरती वाफ आणि वीज काढायचे. ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आल्यावर त्याच बगॅसमधून कारखाना चालून वर वीज विकता येऊ लागली. गाळप तेवढंच, उत्पन्न जास्त, आणि ग्रिडवरचा तेवढा कोळसा वाचला. पण बॉयलर एकदा बसला की २५-३० वर्षं हलत नाही. विस्ताराच्या वेळी ज्यांनी स्वस्त म्हणून कमी दाबाचा घेतला, त्यांनी पुढच्या पिढीच्या संचालक मंडळाचेही हात बांधले. आणि सगळा हिशेब हिरवा नाही. शेतात पाचट पेटवलं जातं, युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो, आणि हंगाम संपल्यावर काही डिस्टिलऱ्या कोळशावर चालतात.

याउलट तासगावकडचा बेदाणा बघा. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो पाणी उडवायचं. हे काम साध्या ड्रायरमध्ये कोळशाच्या उष्णतेने केलं तर किलोभर बेदाण्याला जवळपास किलोभर कोळसा लागेल. आपल्याकडे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेले घड शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात, आणि फेब्रुवारी-मार्चचा कोरडा वारा पंधरवड्यात ते काम करून जातो. जिल्ह्यातला एवढा मोठा धंदा उन्हा-वाऱ्यावर उभा आहे आणि ऊर्जेच्या कुठल्याही तक्त्यात त्याची नोंद नाही. अवकाळी पाऊस वाढला की हेच शेतकरी ड्रायर घेतील, आणि हवामान बिघडल्यामुळे कार्बन वाढेल. हे मला फार सलतं.

"थांबायचं का" याचं उत्तर २०२० ने दिलं. टाळेबंदीत कारखाने बंद, रस्ते रिकामे, हाल अपेष्टा सगळ्या झाल्या, आणि जगाचं उत्सर्जन घटलं ते ५ टक्क्यांच्या आसपास. पुढच्याच वर्षी ते बहुतेक सगळं भरून निघालं, कारण भट्ट्या, बॉयलर, वीजघरं तीच होती. शिवाय भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे २ टन आहे, जगाची सरासरी साडेचारच्या पुढे, अमेरिकेची १४ च्या घरात. आपल्याला कुणी थांबा म्हणावं ही स्थिती नाही.

आता कामाचं. तुमच्या छपरावर एक किलोवॅट सौर पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देईल आणि त्याला साधारण १० चौरस मीटर जागा लागेल. फौंड्रीची भूक यात भागत नाही, म्हणून छत भरून झालं की बाहेरची सौर-पवन वीज ओपन अ‍ॅक्सेसने, म्हणजे ग्रिडच्या तारांतून थेट उत्पादकाकडून, किंवा गटात भागीदारी करून घ्यावी लागेल. दोन्ही मिसळून घ्या. पाटण-साताऱ्याच्या पठारांवर वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, नेमका सौर वीज उतरते तेव्हा. रात्रीचा दर स्वस्त म्हणून रात्री मेल्टिंग करायची सवय असेल तर ती तपासा. केंद्राच्या २०२३ च्या नियमानुसार उद्योगांना सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे, म्हणजे दिवसा वितळवणं आता पैशालाही परवडू शकतं. तुमचा माल युरोपात जात असेल तर त्याचा कस्टम कोड बघून घ्या. तिथला कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे आणि त्यात लोखंडी पाइप फिटिंग, नट-बोल्टसारखे प्रकार येतात. तिथे टनामागचा कार्बन कागदावर दाखवावा लागतो.

नव्या भट्टीची ऑर्डर देण्याआधी एक करा. आहे त्या भट्टीला वेगळा एनर्जी मीटर लावा आणि महिनाभर रोज दोन आकडे लिहा: भट्टीचे युनिट आणि विकायला गेलेल्या कास्टिंगचं वजन. शेजारी होल्डवर गेलेली मिनिटं टिपून ठेवा. ती मिनिटं बाजूला काढली तर तीच भट्टी किती जास्त धातू देऊ शकते हे त्या वहीतून निघेल. दुप्पट उत्पादनाला दुप्पट क्षमतेची भट्टी बऱ्याचदा लागतच नाही, आणि वाचलेले पैसे सौर वीज करारात तुमचा हिस्सा म्हणून घालता येतात.